दारावर

मंडळाचं नाव मोठं, पाटी लहान.
गावभागातल्या ज्या खोलीत आमची मैफल बसते
तिथं सकाळी सातवी ब भरते.
तिसऱ्या शनिवारी बाक मागं ढकलायचे,
फळ्यावरचा लसावि पुसायचा नाही
(हेडमास्तरांची अट),
आणि त्याच्यापुढं तानपुरे.

तानपुरे मिरजेचे. इलाहीभाई स्वतः घेऊन येतात,
वडापच्या रिक्षात, एकेक भोपळा मांडीवर,
बाळंतीण लेक आणावी तसे, खड्डे चुकवत.
भाडं घेत नाहीत. चहा दोनदा घेतात.

वर्गणी वर्षाला सहाशे.
सभासद त्र्याहत्तर. पैकी अकरांची थकलेली,
चौघे वारलेले. त्यांची नावं
निर्मलाताई बिरनाळे काढू देत नाहीत.
"पत्र जाऊ दे घरी. कुणीतरी वाचतं की."
चिटणीस त्याच. अजून पोस्टकार्डं,
आणि गाणं या शब्दातला ण असा काढतात
की माणूस निघतोच घरातून.

जाजमाचं सांगायचं राहिलं.
पुराच्या साली ते चिखलात गेलं.
धुऊन वाळवलं चौगुल्यांच्या हळदीच्या गोदामात,
कारण कोरडी जागा तेवढीच होती.
अजून पिवळं आहे एका कडेला.
पुण्याच्या बाई त्यावर बसल्या
आणि बरोब्बर समेवर शिंकल्या.
तबलजीनं दाद दिली.

मी खजिनदार.
साखर कारखान्यात वजनकाट्यावर चौतीस वर्षं.
भरली गाडी आत, रिकामी बाहेर,
मधला फरक लिहायचा.
इथं उलटं आहे, एवढं दिसतं मला.
फरक मात्र कधी लिहिता आला नाही.

दाराशी टेबल, पावतीपुस्तक,
बिस्किटांच्या डब्यात सुट्टे.
विलंबित सुरू होतं तेव्हा मी कार्बन सरळ करत असतो.
द्रुतात तासगावची मंडळी चपला शोधत येतात,
शेवटची एसटी, काय करता.
दार उघडतं तेवढं गाणं मला मिळतं.
एकवीस वर्षांचं, फटीएवढं रुंद,
अर्धी तान, कुणाचा तरी खोकला,
पुन्हा दार.

परवाच्या शनिवारी
आयर्विन पुलापाशी पाणी छत्तीस फुटांवर.
जो तो मोबाइलवर फूट बघत घरी बसलेला.
आले ते एकोणीस. पावत्या एकोणीस.
गाणारा पोरगा धारवाडचा, पहिल्यांदाच सांगलीत,
रिकाम्या खुर्च्यांकडं बघून म्हणाला,
"ह्या काढून टाकू या का? मधे येतात."
काढल्या. लाईट गेली. माईक गेला.
वारा आत यायला लागला तसं
तो डोळे मिटूनच म्हणाला,
"दार लावा हो."

लावलं. आणि बघतो तर
मी आतल्या बाजूला.

आता कुठं जाणार. भिंतीला टेकलो,
डबा मांडीवर घेऊन.
त्यानं एक सूर लावला आणि तो सोडीचना,
पाणी चढतं तसा, आवाज न करता.
मला राहवेना. सवय.
मेणबत्तीच्या उजेडात डोकी मोजली.
वीस.
पोरगा, तबलजी, पेटीवाले, इलाहीभाई
सोडून, वीस.
पुन्हा मोजली. विनापावती कोण शिरलं?
कोपऱ्यातून मोजली, उलटी मोजली,
एक जादाच येतो.
तोवर बंदिश कधी संपली कळलं नाही,
आणि कुणी टाळी वाजवली नाही,
आणि माझ्या मांडीवरचा डबा
बारीक थरथरत होता, नाण्यांसकट.

बिदागीला नऊशे कमी पडले.
कुणी भरले ते लिहीत नाही,
वहीत 'हितचिंतक' एवढंच आहे.
रात्री साडेअकराला बाक परत लावले,
जाजम पिवळी कड आत घेऊन घडी केलं.
निर्मलाताईंनी विचारलं, "हिशेब जुळला?"

म्हटलं, नाही.
उद्या बघतो.